अडगाव : दोष तोफांचा नव्हे, दुभंगलेल्या हुकमतीचा

राजापेठेत काय नि अकोल्यात काय, अडगावच्या लढाईचा विषय निघाला की एकच निकाल ऐकू येतो : मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, पलटणी-तोफांच्या नादी लागले, म्हणून वऱ्हाड प्रांत गेला. हा निकाल साफ चुकीचा आहे.

मोकळ्या मैदानाचे मराठ्यांना वावडे नव्हते. १६७२ साली साल्हेरला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना समोरासमोर लोळवले होते.

आता खुद्द अडगाव पाहा. २९ नोव्हेंबर १८०३, कललेली दुपार. इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज गावाजवळून मैदानात उतरताच नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या मराठी तोफा धडाडल्या. असईच्या लढाईत दोनच महिन्यांपूर्वी छातीचा कोट करून लढलेल्या त्याच्या तीन देशी पलटणी पाठ दाखवून पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना सावरून पुन्हा रांगेत आणले. आपण तिथे नसतो तर लढाई हरलो असतो, ही कबुली त्याच्याच पत्रात आहे. मग तोफा कुचकामी कशा?

घात झाला तो त्यानंतर. समोरची फळी फुटली, पण तिच्यावर घोडदळ सुटलेच नाही. हल्ले झाले ते उशिरा आणि सुटेसुटे. भोसल्यांचे पायदळ ७४ आणि ७८ क्रमांकांच्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडले आणि कापले गेले. शिंद्यांचे स्वार इंग्रजांच्या डाव्या बगलेवर गेले आणि परतवले गेले. एकाच्या हल्ल्याला दुसऱ्याची जोड नव्हती. असणार कशी? व्यंकोजी भोसले लढायला उभे होते, तर शिंद्यांच्या वकिलांनी लढाईआधीच्या आठवड्यातच वेलस्लीशी युद्धतहकुबी केली होती.

इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेलाला हेच घडले. इराणी सम्राट दरायसचे घोडदळ बाजूला सरकत गेले, फळीत खिंडार पडले आणि अलेक्झांडर त्याच क्षणी आपले निवडक स्वार घेऊन आत घुसला. खिंडार मॅसिडोनियन फळीतही पडले होते. इराणी स्वार त्यातून आरपार गेले, पण शत्रूच्या पाठीवर वळण्याऐवजी सामानाच्या तळाकडे धावले. संधी दोघांनाही मिळाली. ती साधली मात्र एका हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेने.

अडगावला ३८ तोफा गेल्या, १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड गेले. वऱ्हाडातल्या पोरांना या पराभवाचे खरे कारण शिकवा. नव्या शस्त्रांनी आपल्याला बुडवले नाही. ती शस्त्रे एका हुकमाखाली आणता आली नाहीत, म्हणून आपण बुडालो.