फिट लपवायची की सांगायची?

"ताई, शाळेत सांगितलं तर पोरीला काढून टाकतील हो!" कर्जतजवळच्या गावातली एक आई मला म्हणाली. म्हणून तिने लपवलं. मग प्रार्थनेच्या वेळीच पोरीला फिट आली आणि घाबरलेल्या बाईंनी तिच्या नाकाला चप्पल लावली. बाईंना तरी दोष कसा द्यायचा? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. नियमित गोळ्यांनी दहापैकी सातजणांच्या फिट थांबू शकतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराची आडकाठी होती, तीही १९९९ साली काढली गेली. मग आपणच का लपवायचं? शाळेत जरूर सांगा. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या, एवढं बाईंना लिहूनच द्या.

नोकरीत मात्र काम बघून ठरवा. खोपोलीच्या कारखान्यात यंत्रापाशी उभं राहायचं असेल तर सांगायलाच हवं, जिवाशी खेळ नको. टेबलावरचं काम असेल तर गावभर सांगायची गरज नाही, पण शेजारच्या एकीला तरी ठाऊक असू द्या. आणि फॉर्मवर विचारलं तर खोटं लिहू नका.

त्या आईने आता बाईंना सगळं सांगितलंय. पोरगी रोज शाळेत जाते, आणि आईही निर्धास्त आहे.