हवालदार म्हणजे कुठल्या स्टेशनला?

गेल्या महिन्यात एका रविवारी वहिनी रोह्याहून पेणला आल्या, त्या हातात निळी प्लॅस्टिकची फाईल घेऊनच. चहा व्हायच्या आधीच त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. "वन्सं, ह्यांचा तेवढा बायोडाटा नीट करून द्या. ह्यांना स्वतःबद्दल दोन ओळी लिहिता येत नाहीत आणि मला इंग्रजी जमत नाही."

'हे' म्हणजे माझा मोठा भाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीत वीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला. वय एकोणचाळीस. आपल्याकडे निवृत्ती म्हटली की अठ्ठावन्न वर्षांचे, सत्यनारायण घालून शालश्रीफळ घेणारे गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. फौजी माणूस मात्र मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत असतानाच 'रिटायर' होतो. पेन्शन सुरू होते, पण घराचे हप्ते, क्लासच्या फिया आणि आईची औषधं यांना ती पुरत नाही. दुसरी नोकरी ही हौस नसते, गरज असते.

फाईल उघडली. एकच पान. नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, छाती फुगवून किती, रक्तगट. मग एक ओळ: 'आर्मी सर्व्हिस २० वर्षे.' खाली छंद: व्हॉलीबॉल. सही. संपलं. वीस वर्षांची एक ओळ!

हे पान घेऊन दादा एका कारखान्यात गेला होता. तिथल्या टेबलावरच्या मुलाने कागद वाचला आणि विचारलं, "हवालदार का? कुठल्या पोलीस स्टेशनला होतात?" दादाने समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "बरं बरं. गेटवर जागा निघाली की कळवतो." मला आधी हसू आलं, मग राग आला. पण त्या मुलाचं तरी काय चुकलं? त्याच्यासमोरच्या कागदावर दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

फौजी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात बोट महाड-पोलादपूरकडे जातं. महाड तालुक्यातलं आंबवडे तर 'फौजी आंबवडे' याच नावाने ओळखलं जातं. पण पेण आणि रोह्याच्या गावांतूनही फौजेत गेलेली घरं आहेत, आणि ती परत येतात ती कारखान्यांच्या शेजारात. रोह्याला धाटावची केमिकलची वसाहत, नागोठण्याला रिलायन्स, पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचं स्टील. या सगळ्या ठिकाणी स्टोअर लागतं, अवजड गाड्या लागतात, आगीपासूनची सुरक्षा लागते, पाळ्या लावणारा माणूस लागतो. ही सगळी कामं फौजेत रोज होतात. तरीही आपल्या ओळखीतले माजी सैनिक मोजून बघा. गणवेश बदलून गेटवर उभे असलेले किती, आणि गेटच्या आत बसलेले किती?

सुरक्षारक्षकाचं काम हलकं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट माजी सैनिकांसाठी सरकारने बांधलेली सर्वांत रुंद वाट तीच आहे. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींना मान्यता देतं आणि सार्वजनिक कंपन्या त्यांच्याकडून माणसं घेतात. आपल्या राज्यात २००२ साली माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', सुरू झालं. तेही सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी रक्षक पुरवतं. या वाटेवर बायोडाटा लागतच नाही. डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र पुरतं. म्हणूनच तो लिहायची सवय कुणाला लागली नाही, आणि बायोडाटा नाही म्हणून दुसरी वाट उघडत नाही. असं ते चक्र आहे.

त्या रविवारी मी वही घेऊन बसले आणि दादाला फोन लावला. "शेवटची तीन वर्षं काय करत होतास?"

"ड्युटी."

"अरे, पण ड्युटी म्हणजे काय?"

"कंपनीचं स्टोअर."

असं ओढून ओढून काढावं लागलं. मग हळूहळू कळलं. कंपनी म्हणजे साधारण सव्वाशे जवान. त्यांचे कपडे, बूट, तंबू, अंथरूण-पांघरूण, रेशन यांची आवक-जावक दादाच्या हाती. प्रत्येक वस्तूची नोंद खातेवहीत. बाहेरचे अधिकारी येऊन मोजणी करत आणि तीन वर्षांत एकदाही तूट निघाली नाही. बटालियनने जागा बदलली तेव्हा हे सगळं सामान बांधून, रेल्वेत चढवून, दुसऱ्या टोकाला उतरवून पुन्हा लावून दिलं. त्याआधी दोन वर्षं तो बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला नव्या रंगरुटांना शिकवत होता. मी म्हटलं, "दादा, हे तू त्या टेबलावर सांगितलं का नाहीस?" तर म्हणतो, "त्यात सांगायचं काय? सगळेच करतात."

मला वाटतं खरी अडचण इथे आहे. फौज माणसाला 'आम्ही' म्हणायला शिकवते. पलटणीने केलं, कंपनीने केलं. 'मी केलं' म्हणणारा तिथे बढाईखोर ठरतो. आणि बाहेरच्या नोकरीचा कागद मात्र 'मी' या एकाच शब्दावर उभा असतो. ही सवय काही कॉम्प्युटरवर फॉर्म भरून सुटत नाही. कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं, आणि घरोघरी ते काम बायकोवर, बहिणीवर नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर येऊन पडतं. म्हणून तर हा विषय मी या पानावर घेतला.

तर मैत्रिणींनो, आम्ही काय केलं ते सांगते. हुद्दा ठेवला, पण त्याच्यापुढे कामाचं नाव लिहिलं. 'हवालदार' एवढंच न लिहिता 'भांडार प्रमुख (हुद्दा हवालदार), सव्वाशे जवानांच्या सामानाची जबाबदारी'. जिथे आकडा देता येईल तिथे आकडा दिला. किती माणसं, किती वर्षं, किती तपासण्या. रंगरुटांना शिकवणं हे 'प्रशिक्षक' म्हणून वेगळं लिहिलं, कारण कारखान्यात नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे देणारा माणूस हवाच असतो. छाती आणि उंची काढून टाकली. व्हॉलीबॉल दादाच्या हट्टाखातर राहू दिला.

जाहिरातीत 'स्टोअर असिस्टंट' असेल तर आपल्या कागदावरही तोच शब्द हवा, हेही लक्षात आलं. मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी आता बऱ्याचदा कॉम्प्युटर लावतो आणि तो शब्दाला शब्द जुळवून बघतो. 'सीक्यूएमएच' म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार हे त्याला कुठून कळणार? ड्रायव्हर असेल तर कुठल्या गाड्या, किती टनांच्या, घाटात की सपाटीवर, लायसन्स कुठलं. नर्सिंग असिस्टंट असेल तर कुठली कामं हाताने केली. सिग्नलचा असेल तर केबल, एक्सचेंज, वायरलेस. मात्र पलटण सरहद्दीवर नेमकी कुठे होती, तिथे कुठली हत्यारं होती, हे लिहायचं नाही. दादाने या बाबतीत मला दोनदा दटावलं आणि त्याचं बरोबरच होतं.

फौजेतलं कुठलं काम म्हणजे बाहेरचं कुठलं, याचा तक्ता सरकारने फार पूर्वीच केलेला आहे. सैन्याच्या एकेका ट्रेडसमोर नागरी व्यवसायाचं नाव, असा. माजी सैनिकांच्या नावनोंदणीसाठीच तो आहे. पण तो धाटावच्या टेबलावरच्या मुलापर्यंत कधी पोचलाच नाही. अमेरिकेत २०११ सालच्या कायद्याने फौज सोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला बाहेर पडायच्या आधी अशा तयारीच्या वर्गाला बसणं सक्तीचं केलं. आपल्याकडे निवृत्तीपूर्वीचे अभ्यासक्रम आहेत, त्यांत चांगलेही आहेत, पण ज्याने मागितला त्याला. दादाची पलटण तेव्हा उत्तरेला होती. मागायला सुचलं नाही, असं तो सांगतो.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं आणि ते वहिनींनाही ठाऊक नव्हतं, म्हणून थोडक्यात. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के. केंद्राच्या नोकरीसाठी वय मोजताना फौजेतली वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सूट मिळते. दहावी झालेला, सैन्याचं शिक्षण प्रमाणपत्र असलेला आणि १५ वर्षं नोकरी केलेला जवान पदवीची अट असलेल्या केंद्राच्या काही गट क जागांनाही चालतो, जिथे तांत्रिक शिक्षणाची अट नाही तिथे. नावनोंदणी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. रोह्याहून एसटीने अर्धा दिवस मोडतो, पण एकदा जाऊन यायलाच हवं. तरीही या राखीव जागा पुऱ्या भरत नाहीत, हे वर्षानुवर्षं बोललं जातंय. माणसं आहेत, जागा आहेत, मधला कागद नाही.

आता हे सगळं मी आजच का लिहितेय? दादाची पेन्शन आहे, त्याचं अडून राहणार नाही. पण त्याच रविवारी वहिनी जाता जाता म्हणाल्या, "आमच्या शेजारणीचा मुलगा अग्निवीर आहे. त्याचाही करून द्याल का?" आणि मी थांबले.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुलं-मुली (पहिल्या वर्षापुरती ही मर्यादा तेवीस केली होती), चार वर्षं नोकरी, आणि त्यांतल्या फार तर २५ टक्क्यांना पुढे कायम घेणार. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२च्या शेवटी आणि २०२३च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६च्या शेवटी आणि २०२७च्या सुरुवातीला पुरी होतात. हाती सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख, त्यातला अर्धा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर जी आरक्षणाची गणितं सांगितली ती या मुलांना आपोआप लागू होत नाहीत. केंद्राने २०२२मध्येच निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा जाहीर केल्या, दहावी झालेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावीचं प्रमाणपत्र आणि इग्नूच्या पदवीत फौजेतल्या प्रशिक्षणाचे गुण धरण्याची सोयही सांगितली. चांगलंच आहे. पण चारांतले तीन घरी येणार असतील, तर ते सगळे काही निमलष्करी दलात मावणार नाहीत. बरेचजण धाटावच्या नाहीतर डोलवीच्या त्याच टेबलासमोर उभे राहणार आहेत.

दादाचा बायोडाटा फसला तर पेन्शनला जोड मिळत नाही, एवढंच. या मुलाचा फसला तर हातात काही नाही. बरोबरीच्या पोरांनी तेवढ्या काळात आयटीआय केलं, डिप्लोमा केला, कंपनीत दोन वर्षं काढली. याच्याकडे मात्र 'आर्मी सर्व्हिस ४ वर्षे' अशी एक ओळ. पंचविशीच्या आतल्या मुलाला गेटवर उभं करून आपण त्याची चार वर्षं फुकट घालवतोय, असं मला स्पष्ट वाटतं. फौजेने दिलेलं कौशल्य प्रमाणपत्र तो आणेल, पण ते वाचायचं कसं हे इथल्या कारखान्यांना सांगायला कुणी बसलंय का? जिल्हा सैनिक कार्यालय, उद्योजकांच्या संघटना आणि आयटीआय यांनी एका टेबलाशी बसून हे ठरवायला हवं होतं. त्याला चार वर्षं मिळाली होती.

आणि हा प्रश्न आता मुलग्यांचाच उरलेला नाही. २०२१ साली सैन्य पोलिसांत जवान म्हणून ८३ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. २०२३च्या मार्चमध्ये नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीतून २७३ मुली आयएनएस चिल्कावरून बाहेर पडल्या. त्यातली एखादी उद्या पेणला परत येईल, तेव्हा तिला गेट तरी मिळेल की 'मुलगी आहे, रिसेप्शनला बसवू' म्हणतील?

शेजारणीच्या मुलाला मी फोनवर एवढंच सांगितलं, की सुट्टीवर आलास की वही घेऊन ये आणि दर सहा महिन्यांनी काय शिकलास, काय चालवलंस, काय दुरुस्त केलंस ते दोन ओळींत लिहीत जा. नंतर आठवत नाही. प्रत्येक कोर्सच्या कागदाची झेरॉक्स आईकडे ठेव. तो "जी मॅडम" म्हणाला. मी त्याची मावशी लागते, मॅडम नव्हे, पण असो.

निघताना मी वहिनींना सहज विचारलं, "आणि तुमचा बायोडाटा?" त्या हसल्या. वीस वर्षांतली पंधरा त्यांनी रोह्यात एकटीने काढली. बँक, घराचं बांधकाम, गवंड्याशी भांडणं, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बचत गटाचा हिशेब. "माझं काय लिहिणार? गृहिणी." अगदी भावासारखीच, एका ओळीत. त्यांच्या गटाच्या हिशेबाच्या वह्या मी मागवून घेतल्यात, बघू.

दादा नवा कागद घेऊन दुसऱ्या एका कारखान्यात जाऊन आला. स्टोअरच्या साहेबांनी अर्धा तास बसवून घेतलं, रेल्वेतून सामान कसं हलवलं ते विचारलं आणि शेवटी म्हणाले, कॉम्प्युटर येत असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून तो रोह्यात एमएस-सीआयटीच्या क्लासला जातो. वर्गात सगळी दहावी झालेली पोरं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीने हजेरी घेतली तेव्हा हा उठून ताठ उभा राहिला. आता वर्गातली सगळी पोरं उभी राहून हजेरी देतात म्हणे.