घरांतील धूळ आणि मऊ प्लास्टिक

शेतांतील धूळ आपणांस परकी नाहीं. नांगरटीची, मळणीची धूळ अंगावर घेतच आपण वाढलों. परंतु हल्लीं घरच्या धुळींत एक नवीच वस्तु मिसळत आहे; तिजकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें म्हणून हा लेखनप्रपंच.

महसूल खात्यांतून निवृत्त होऊन रोहिणखेडास परतल्यावर मीं ओसरीवर मऊ प्लास्टिकचें चकचकीत आच्छादन अंथरलें. सारवण बंद झालें, सूनबाईंचे श्रम वाचले. वैशाखांत मात्र त्यास उग्र दर्प येऊं लागला, आणि नातू तर त्यावरच रांगून हात तोंडांत घाली! तेव्हां चौकशी करणें भाग पडलें.

पीव्हीसी हें प्लास्टिक मुळांत कठीण. विहिरीवरून शेतांत गेलेला नळ त्याचाच. त्यांत मऊपणाचें द्रव्य बहुधा नसतें. आच्छादन, रेक्झिन, विजेच्या तारेचें वेष्टण यांस मात्र मऊपणा यावा म्हणून ‘थॅलेट’ वर्गाचीं तेलकट द्रव्यें मिसळतात. तीं प्लास्टिकशीं रासायनिक रीतीनें बांधलेलीं नसल्यामुळें हळूहळू सुटतात, उन्हाळ्यांत अधिक सुटतात, आणि धुळीच्या कणांवर बसतात. रांगत्या मुलाच्या पोटांत ही धूळ मोठ्या माणसापेक्षां अधिक जाते, आणि त्याचें वजन तें केवढें! २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणींत शयनगृहाच्या धुळींतील थॅलेट आणि मुलांचा दमा व इसब यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे सिद्ध झालेलें कारण नव्हे, हें कारकुनी सवयीनें नमूद करतों. तरी युरोपीय संघानें २००५ च्या निर्देशानें खेळण्यांतील अशा कांहीं द्रव्यांवर कायमचे निर्बंध घातलेच.

विणलेल्या प्लास्टिकच्या चटया बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांस हें द्रव्य लागत नाहीं, म्हणून त्या फेकण्याचें कारण नाहीं.

माझें मत असें कीं, आपल्या संघाच्या भांडारानें मऊ आच्छादन विक्रीस ठेवण्यापूर्वीं त्यांत थॅलेट आहे कीं नाहीं हें कारखानदाराकडून लेखी मागावें. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ति लिहिलेली नसेल तर आपण ती घेत नाहीं. मग ज्यावर मूल रांगतें त्या वस्तूविषयीं मुकाट्यानें पैसे कां मोजावेत?

तोंवर कोरड्या केरसुणीपेक्षां ओल्या फडक्यानें जमीन पुसावी, मुलांचे हात जेवणापूर्वीं धुवावेत. फाटकें आच्छादन चुलींत मात्र घालूं नये. पीव्हीसी जळतांना विषारी वायु निघतात. माझें आच्छादन मीं गुंडाळून ठेविलें आहे. ओसरीवर शहाबादी फरशी बसवावयाची ठरली असून गवंडी पोळ्यानंतर येणार आहे.