कपाटाची किल्ली कोणाकडे?

मागच्या पावसाळ्यात बचतगटाच्या बैठकीसाठी एका गावी गेले होते. समाजमंदिर गळत होतं म्हणून बैठक शाळेत भरली. कोपऱ्यात पत्र्याचं कपाट होतं, त्याला भलंमोठं कुलूप. आत काय आहे विचारलं, तर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "ताई, अनुदानातून आलेलं साहित्य आहे. भिंगं, चुंबक, परीक्षानळ्या, एक सूक्ष्मदर्शकसुद्धा." मग कुलूप का? "फुटलं तर भरून कोण देणार? आणि उघडायला वेळ कुठाय? सहावी-सातवी एकत्र बसते. पोषण आहाराच्या नोंदी माझ्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं माझ्याकडे."

पैसा खर्च झाला होता. उपयोगिता प्रमाणपत्रही वर गेलं होतं. फक्त सातवीतल्या मुलींनी त्या सूक्ष्मदर्शकाला एकदाही डोळा लावला नव्हता.

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आला की आपण गळतीबद्दल बोलतो; शौचालय, एसटी, लवकर होणारी लग्नं यांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण शाळेत येणारा पैसा कशावर खर्च होतो हा प्रश्न आपण 'सरकारी काम' म्हणून सोडून देतो. माझ्या मते तोही आपलाच प्रश्न आहे.

विज्ञान-गणितासाठी पैसाच नाही, असं म्हणता येणार नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांचं अनुदान मिळतं: १० लाख प्रयोगशाळा उभारायला आणि १० लाख पुढची जास्तीत जास्त पाच वर्षं चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. पण वस्तू मोजता येते, तिचा फोटो काढता येतो, फीत कापता येते. शिक्षिकेचा वेळ असा मोजता येत नाही. म्हणून तो फुकट धरला जातो.

हे आपल्याला ओळखीचं नाही का? घरात नवा मिक्सर येतो, पण वाटण वाटणारी तीच राहते. तिच्या श्रमाला किंमत नसते. शाळेतही 'बाई आहेत, करतील' या एका वाक्यावर सगळी योजना उभी असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण मिळावं असं म्हटलं आहे. हे ५० तास कोणाच्या वाट्याचे? शाळा सुटल्यावर पाणी भरणारीचे, सासूचं औषधपाणी बघणारीचे? तालुक्याच्या प्रशिक्षणाला एक शिक्षिका तान्ह्या मुलाला घेऊन आली होती. बाळ रडलं की ती व्हरांड्यात जायची. संध्याकाळी शेरा ऐकला, "बायकांना शिकायचंच नसतं." दोन दिवसांसाठी एक सांभाळणारी मावशी ठेवायला असा किती खर्च आला असता?

पैसा माणसावर लावला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातच आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या माध्यमिक शाळा, साधी स्वस्त साधनं, मुलांनी स्वतः करायचे प्रयोग. पण त्याचा कणा होता शिक्षकांचं प्रशिक्षण आणि त्यांच्या दरमहा होणाऱ्या बैठका. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, हे शिक्षक तिथे एकमेकांना सांगत. मुलांना पत्रातून प्रश्न विचारायला 'सवालीराम' होता. परीक्षेत पुस्तक उघडून बसायला परवानगी होती. पुढे तो कित्येक जिल्ह्यांत पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण तीस वर्षं तो चालला तो शिक्षकाला विचार करणारा माणूस मानल्यामुळे.

कोणी म्हणेल, साहित्यही लागतंच की. लागतं. रिकाम्या हाताने विज्ञान शिकवा असं मी म्हणत नाही. पण पाळीचा भाग आला की 'घरी वाचून या' म्हणणाऱ्या शिक्षिकेचा संकोच कुठलंही महाग यंत्र घालवू शकत नाही. तो जातो दहा शिक्षिका एकत्र बसून बोलल्या की. आपल्या शिबिरांत आपण हे अनुभवलेलं आहे.

मग आपण काय करायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या वापरावर देखरेख हे या समितीचं काम आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक हवा, हेही कायद्यातच आहे. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी या समित्यांवर आहेत. बऱ्याचदा त्या फक्त सही किंवा अंगठा देऊन परततात.

पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारूया. या वर्षीच्या अनुदानातलं किती वस्तूंवर गेलं आणि किती शिक्षकांच्या शिकण्यावर? विज्ञानाच्या बाईंकडे शिकवण्याखेरीज कोणकोणती कामं आहेत, आणि त्यातली कोणती काढता येतील? आणि प्रयोग करताना काही फुटलं तर ते बाईंच्या अंगावर येणार नाही, असा ठराव आपण आज करतो आहोत का?

त्या गावच्या समितीवर आपल्या गटातल्या दोघी आहेत. त्या दिवशी बैठक संपल्यावर त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?" सुरुवात तिथूनच करायला हवी.