पोत्यातले आणि पानातले

संक्रांतीच्या सुट्टीत आक्काकडे पेडण्याला जाऊन आलो. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत जाताना दोन्ही बाजूंची माती पाहावी, कुंकवासारखी लाल! हा रंग लोहाचा. डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिज उगीच निघाले नाही.

आक्काच्या घरामागे भात कापलेल्या शेतात अळसांदे होते. आपल्या घरातल्या कानडी मंडळींना हा शब्द शिकवायला नको, त्यांची ‘अलसंदी’ ती हीच. पण पाने एवढीएवढीशी, काळपट हिरवी. “अरे, डीएपी फोकून टाकले. तरी वेलीला जोर नाही,” आक्का म्हणाली.

मला दादाचे सोयाबीन आठवले. गोव्यात सोयाबीन जवळजवळ नाहीच. आमची शेती बैलहोंगलकडची, काळी, वहिनीच्या भाषेत ‘एरी’. दोन वर्षांपूर्वी तिथे सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. दादाने आधी युरिया घातला, मग उधारीवर आणखी डीएपी. पिवळेपणा हटला नाही. त्या हंगामात सोयाबीन विकून आले ते बरेचसे खताच्या दुकानात गेले आणि वहिनीच्या मुलीची कॉलेजची फी माझ्याकडून भरावी लागली. त्यावरून घरात झालेली धुसफूस इथे सांगत नाही.

मी एम.ए. झालेला माणूस, शेतकी माझा विषय नव्हे. पण त्या फीच्या निमित्ताने वाचत गेलो. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्हणजे ९ किलो आणि २३ किलो. पोत्यावर छापलेले हे आकडे खरे असतात. ते पानात पोचतात की नाही, हे मधली माती ठरवते. आक्काच्या आम्लधर्मी लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. फोकून दिलेले खत तर मातीत सगळीकडे पसरते आणि लवकर अडकते. दादाच्या जमिनीत नेमके उलटे. लोह आहे, पण चुनखडीमुळे ते विरघळत नाही, मुळांना घेता येत नाही. वर स्फुरदाचा भडिमार झाला की लोहाची टंचाई आणखी वाढू शकते.

म्हणून पिवळे पान पाहिले की लगेच युरियाकडे धावू नये. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, कारण झाड त्यांतले नत्र काढून शेंड्याकडे नेते. लोह असे हलवता येत नाही. म्हणून शेंडाच पिवळा पडतो. त्यावर दर लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारणी करतात. साडेतेराशेच्या पोत्यापुढे हा खर्च किती? आणि द्विदल पिकाला जादा युरिया दिला की मुळांवरच्या गाठीही नीट धरत नाहीत.

खात्री हवी तर पान तपासावे. फुलोऱ्याच्या सुमारास, शेंड्याखालचे नुकतेच पूर्ण वाढलेले पान घेतात. सोयाबीनच्या सुकवलेल्या पानात नत्र साधारण सव्वाचार ते साडेपाच टक्के, स्फुरद पाव ते अर्धा टक्का असावे. २०१५ साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका मातीत काय आहे ते सांगते, झाडाने काय घेतले ते पानच सांगेल. आपल्याकडे धारवाडचे कृषी विद्यापीठ आहे, गोव्यात एला इथली किनारी शेती संशोधन संस्था. तिथे चौकशी करायला काय हरकत आहे?

आक्काला एवढेच सांगितले, की पुढच्या खेपेला पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत चुना मिसळ. किती, ते माती तपासून ठरव. डीएपी फोकू नको, शेणखताबरोबर ओळीतच दे. तिने लगेच मूठभर पाने तोडून वर्तमानपत्रात गुंडाळली. मी पुडी परत उघडायला लावली. रस्त्याची लाल धूळ पानावर बसलेली. तशीच तपासली तर लोहाचा आकडा भलताच फुगेल. मग नळाखाली एकेक पान धुताना तिचे चाललेच होते, “अळसांद्याची पाने धुते म्हणून शेजारीण हसेल की रे मला!”