रक्ताचा प्रवाह आणि मूलपेशींचा बाजार

हृदयविकारावर 'मूलपेशींचे इंजेक्शन' देण्याची आश्वासने देऊन रुग्णांकडून मोठ्या रकमा उकळल्या जातात, ही चिंतेची बाब होय. म्हणून ह्या विषयामागील विज्ञान वाचकांनी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रक्तवाहिनी ही निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूस पेशींचे एकपदरी अस्तर असते व वाहत्या रक्ताचे घर्षण त्या पेशींना अखंड जाणवत असते. जेथे प्रवाह जोमदार व एकाच दिशेचा असतो, तेथे त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी निरोगी राखतात. जेथे वाहिनीला फाटे फुटतात, तेथे प्रवाह घुटमळतो आणि चरबीचे थर बहुधा तेथेच धरतात. नदीच्या वळणावर गाळ कोठे साचतो, हे आमच्या खाजन-शेतकऱ्यांना सांगावयास नको. मात्र येथे नुसता गाळ बसत नाही. अस्तरच आजारी पडते.

ह्या अस्तराची डागडुजी करू शकतील अशा जनक-पेशी रक्तातच फिरत असतात, असे असाहारा, इस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडले. २००३ साली जपानी संशोधकांनी दाखविले की, प्रयोगशाळेत अशा पेशींवरून द्रव वाहता ठेवला असता त्या वाढतात व अस्तराच्या पेशींचे गुण धारण करू लागतात. गवंडी कोणीही असो, त्याला काम सांगणारा मुकादम प्रवाहच आहे!

पुढील संशोधनाने ह्या उत्साहास आवर घातला. जनक म्हणून गणलेल्या पुष्कळ पेशी पांढऱ्या पेशींच्या कुळातील निघाल्या. त्या स्वतः अस्तर न बनता दुरुस्तीस पोषक द्रव्ये स्रवतात. जखम भरून काढण्याचे काम मुख्यत्वे शेजारच्या पेशीच करतात, असे आता दिसते.

जेथे शास्त्रज्ञच इतक्या सावधपणे पावले टाकीत आहेत, तेथे व्यापाऱ्यांनी हमी कशी द्यावी? रक्ताच्या काही विकारांवरील प्रस्थापित उपचार वगळता, संमत चाचणीबाहेर मूलपेशींचा उपचार करू नये, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बजावले आहे. सरकारने त्यांची कठोर अंमलबजावणी करावी. रुग्णांनीही, उपचार चाचणीचा भाग असल्यास पैसे कशाचे, हा प्रश्न निःसंकोच विचारावा. तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, वैद्यांच्या सल्ल्याने रोज चालणे, ह्या उपायांना जाहिरातीची झळाळी नाही. परंतु अस्तर व प्रवाह ह्या दोहोंचे रक्षण त्यांनीच होते.