हुनर आहे, सनद कुठे आहे?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत सूत लूमवर चढण्यापूर्वी सायझिंगमध्ये जाते. तिथे ताण्याला खळ लागते. खळ शिजवायला आणि सूत सुकवायला वाफ लागते, आणि ती वाफ देतो बॉयलर; कुठे तेलावर, कुठे कोळशावर, कुठे लाकडावर चालणारा. आपल्यातल्या कित्येक घरांची रोजी त्याच्यावर आहे. पण बॉयलर सांभाळणाऱ्याकडे सनद आहे का, हे आपण क्वचितच विचारतो.

पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सुमारे १,६०० पट जागा घेते. बॉयलरमध्ये तिला कोंडलेले असते. काचनळीतले पाणी उतरले, आतल्या नळ्या लाल झाल्या आणि घाबरून कोणी थंड पाणी सोडले, तर स्फोट होऊ शकतो. १८६३ मध्ये कलकत्त्यात असाच बॉयलर फुटला, माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. देशभरासाठी १९२३ चा कायदा झाला. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

इथे दोन कागद वेगळे समजून घ्यावेत. एक बॉयलरचा, तपासणीनंतर मिळणारा आणि मुदतीत नवा करावा लागणारा. दुसरा माणसाचा. बॉयलर अटेंडंटची सनद द्वितीय श्रेणीची, मग प्रथम श्रेणीची. त्यापुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची. आपल्या राज्यात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. बॉयलरच्या दाबाच्या भागावर वेल्डिंग करणाऱ्यालाही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

“वीस वर्षे भट्टी सांभाळतोय, आता कागद कशाला?” असे आपल्यातलेच लोक म्हणतात. उस्तादाने हात तयार केला, हे खरेच. पण परीक्षेत ‘का’ विचारतात, आणि संकटाच्या वेळी तेच उपयोगी पडते. शिवाय सनद नसली की पगार शेठच्या शब्दावर ठरतो. सनद असली की डेअरी, साखर कारखाना, औषध कंपनी, सगळीकडे विचारणा होते.

तेव्हा मुलगा सायझिंगला लागला असेल तर पहिल्या दिवसापासून अनुभवाचा लेखी दाखला मागून ठेवा. परीक्षेला तो लागतो. उर्दू माध्यमातल्या मुलांना अर्जातले शब्द अडतात. अर्ज घेऊन जवळच्या शाळेत या. आम्हा शिक्षकांना ते काम जड नाही.